वर्ग भरतो इस्पितळात

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या बालरुग्णालयाला १९९६ च्या सुमारास एक किरकोळ वाटणारी अडचण छळत होती. तातडीच्या विभागात सामानाची कपाटं भरून ठेवणारी माणसं टिकत नव्हती. काम कंटाळवाणं, आणि तरीही त्यात चूक चालण्यासारखी नव्हती. विभागप्रमुख परिचारिका एरिन रीली यांच्या मनात तेव्हा आणखी एक प्रश्न घोळत होता. बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांवर हे रुग्णालय वर्षानुवर्षं उपचार करतं, मग तीच मुलं मोठी झाल्यावर त्याच्या पगारपत्रकावर का नसतात?

त्यांनी व्यवसायशिक्षण देणाऱ्या ‘ग्रेट ओक्स’ संस्थेच्या सुझी रुत्कोव्स्की यांना गाठलं. त्यातून ‘प्रोजेक्ट सर्च’ उभं राहिलं आणि पुढे ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलं.

यात शाळेचं शेवटचं वर्ष शाळेत काढायचंच नाही. विद्यार्थी रोज सकाळी रुग्णालयात, बँकेत किंवा सरकारी कचेरीत जातात. तिथल्याच एका खोलीत विशेष शिक्षक थोडा वेळ वर्ग घेतात: वेळेवर येणं, साहेबांशी बोलणं, मुलाखत, पगाराचा हिशेब. उरलेला दिवस प्रत्यक्ष काम. वर्षभरात साधारण दहा-दहा आठवड्यांच्या तीन उमेदवाऱ्या, तीन वेगवेगळ्या खात्यांत. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या कर्मचाऱ्यांबरोबर बसायचं. यातली मेख अशी, की या मुलांना एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरणं जड जातं. वर्गात लुटुपुटूचं दुकान मांडून नाणी मोजायला शिकलेला मुलगा खऱ्या गल्ल्यासमोर गोंधळतो. म्हणून जिथे काम करायचं, तिथेच शिकायचं.

कामं कोणती द्यायची, यातली रीलींची नजर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अशा मुलांना सोपी कामं द्यावीत, असं सगळे धरून चालतात. त्यांनी किचकट पण ठरलेल्या क्रमाची कामं शोधली: शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करून लावणं, प्रयोगशाळेतल्या साठ्याची नोंद ठेवणं. अनेक पायऱ्या, पण क्रम रोज तोच. एकदा हात बसला की ही मुलं एकही पायरी गाळत नाहीत. अशा मुलांसाठी चालणाऱ्या, पण मेणबत्त्या आणि कागदी पिशव्यांपलीकडे न जाणाऱ्या कार्यशाळांनी याचा विचार करायला हरकत नाही.

या साऱ्याला कायद्याचा आधार आहे. १९७५ च्या कायद्याने अमेरिकेत अपंग मुलांना शाळेचा हक्क मिळाला. पण शिकून बाहेर पडलेली कित्येक मुलं घरीच बसली. तेव्हा १९९० मध्ये दुरुस्ती झाली आणि शाळेनंतरच्या आयुष्याची तयारी हे शाळेचंच काम ठरलं. आता विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत पुढच्या शिक्षणाचा, नोकरीचा, गरजेप्रमाणे स्वतंत्र राहण्याचाही लेखी आराखडा लागतो. त्या बैठकीचं बोलावणं खुद्द विद्यार्थ्यालाही द्यावंच लागतं. ज्याच्या आयुष्याची चर्चा, त्यालाच बाहेर बसवण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

‘प्रोजेक्ट सर्च’चा उपयोग होतो का? संशोधक पॉल वेमन आणि सहकाऱ्यांनी व्हर्जिनियात चाळीस स्वमग्न तरुणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. या पद्धतीने शिकलेल्या २४ पैकी २१ जणांना नोकरी लागली, नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या १६ पैकी फक्त एकाला. गट लहान होते, हे खरं. पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

तरी सगळं गोड नाही. एकविशीच्या आसपास शाळेचा हक्क संपतो, आणि प्रौढांसाठीच्या सेवांना पात्रता आणि प्रतीक्षायादी असते. त्यात ‘एसएसआय’ हे सरकारी साहाय्य घेणाऱ्या एकट्या माणसाजवळ साधारणपणे दोन हजार डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही. मुलाने जास्त कमावलं तर आधार जाईल, या धास्तीने आईबापच कधी कधी कमी तासांची नोकरी पसंत करतात. त्यामुळे मुलांना काम शिकवणाऱ्यांना पालकांबरोबर सरकारी नियमांचा हिशेबही मांडत बसावं लागतं.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिलं आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के राखीव जागा ठेवल्या. स्वमग्न आणि बौद्धिक अक्षम उमेदवारही त्यात आले. मात्र शाळेतून कामाकडे नेणारा लेखी आराखडा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ठराविक वयात झालाच पाहिजे, अशी सक्ती नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की पालकांची पहिली धावपळ बहुधा कागदपत्रांची असते: १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज. नोकरीचा विषय त्यानंतर निघतो, तोही कुणी काढला तर.