माथेरानचा भाव

माथेरानच्या बाजारपेठेत शहाळ्याचा भाव ऐकून नव्या पर्यटकाच्या कपाळावर आठी उमटते. व्यापारी कुटुंबातील माणूस तर लगेच मनात आडाखे बांधू लागतो: खरेदी किती, नफा किती? हा हिशेब मात्र बाजारात बसून सुटत नाही. तो दस्तुरी नाक्यापासून मांडावा लागतो.

नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. गावात खाजगी वाहनांना बंदी असल्याने धान्याची पोती, भाजी, गॅसच्या टाक्या, घर बांधण्याची वाळू हे सारे वर्षानुवर्षे घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून वर येत आले आहे. खाली टेम्पो जे काम एका फेरीत करतो, त्यासाठी येथे अनेकांची मजुरी मोजावी लागते. दुकानदार सांगतो त्या भावात ही सारी पायपीट जमा असते.

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील हे रान ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये प्रथम पाहिले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने येथे थंड हवेचे ठिकाण वसले. डोंगर चढण्याची अडचण दूर केली ती मात्र व्यापारी भांडवलाने. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये खर्चून नेरळ-माथेरान रेल्वे उभारली. ती १९०७ मध्ये सुरू झाली. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग उद्ध्वस्त झाला आणि २००७ मध्ये पुन्हा उभा राहिला. अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून वळणे घेत चढणारी ही गाडी मुलांना आजही खिडकी सोडू देत नाही.

येथील खरा विहार पायी करावा. जांभ्याच्या तांबड्या वाटा, दाट सावली आणि मोटारींच्या भोंग्यांपासून सुटका हेच माथेरानचे वैभव. पहाटे पॅनोरमा पॉइंट, दुपारच्या उन्हात शार्लोट तलावाचा काठ, सायंकाळी सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन पॉइंट असा क्रम ठेवल्यास वृद्धांनाही दिवस जड जात नाही. खरेदीत चिक्कीचा मान पहिला. चामड्याच्या चपला आणि मध यांसाठीही हा बाजार प्रसिद्ध आहे. ज्यांना ते वर्ज्य, त्यांनी वेताच्या व लाकडी वस्तू पाहाव्यात.

याच गावात १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल कोटवाल जन्मले. वकील झालेल्या या तरुणाने गरजू शेतकऱ्यांना सावकाराचे दार ठोठवावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या सुरू केल्या. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झाले. व्यापारी घरातील मुलांना येथे आणल्यावर हुतात्मा भाई कोटवाल यांची ही कथा अवश्य सांगावी. पत कोणाला द्यावी आणि कशासाठी द्यावी, हा धडा तीत आहे.

गावाचा हिशेब आता बदलत आहे. एक माणूस पुढून ओढतो, दोघे मागून ढकलतात, अशी हातरिक्षा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालली. ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ती सहा महिन्यांत बंद करण्याचा व ई-रिक्षांद्वारे हातरिक्षाचालकांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे थांबावे, हे निर्विवाद. परंतु घोड्यावर पोट असलेल्या कुटुंबांची धास्तीही खोटी नाही. यंत्राने वाचवलेले श्रम आणि त्यामुळे गेलेली रोजी या दोन्ही रकमा एकाच खातेवहीत लिहाव्या लागतात.

म्हणून माथेरानला जाणाऱ्याने घासाघीस जरूर करावी, तो बाजाराचा रिवाजच आहे. पण घोडेवाल्याशी वा हमालाशी मजुरी आधी मोकळेपणाने ठरवावी आणि ठरलेली रक्कम पूर्ण हातावर ठेवावी. त्याच्या मजुरीतून कापलेल्या दहा-वीस रुपयांनी कोणाच्याही घरचा ताळेबंद सुधारत नाही. त्याच्या घरी मात्र तेवढ्यात एका वेळची भाजी येते.