ॲडाप्टर, इलेक्ट्रॉनीय वाद्यांचा

घरगुती पुरवठ्यातील प्रत्यावर्ती (ठराविक कालावधीने उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) विद्युत् प्रवाहाचे, इलेक्ट्रॉनीय वाद्यास किंवा ध्वनी-उपकरणास मानवेल अशा कमी दाबाच्या पुरवठ्यात रूपांतर करणारे व वाद्याच्या बाहेर असणारे साधन. इलेक्ट्रॉनीय तंबोरा, तालयंत्र, की-बोर्ड, सिंथेसायझर, गिटारचा ध्वनी बदलणारी पेडले, लहान ध्वनिमिश्रक इत्यादींसाठी त्याचा उपयोग होतो. रोहित्र वाद्याबाहेर ठेवल्याने वाद्य हलके होते, त्यात उष्णता कमी साचते, रोहित्राच्या चुंबकीय क्षेत्राचा सूक्ष्म ध्वनिसंकेतांना उपद्रव होत नाही आणि निरनिराळ्या देशांतील पुरवठ्यांसाठी केवळ ॲडाप्टर बदलणे पुरते. या सोयीबरोबर एक धोकाही आला आहे. दिसावयास अगदी सारख्या असलेल्या ॲडाप्टरांचे विद्युत् गुणधर्म परस्परविरुद्ध असू शकतात आणि त्यांच्या अदलाबदलीने मौल्यवान वाद्य क्षणार्धात निकामी होऊ शकते.

रचना व प्रकार : ॲडाप्टरांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. अनियंत्रित एकदिश ॲडाप्टरात रोहित्र दाब कमी करते, डायोडांचा एकदिशकारक प्रवाह एकाच दिशेने वाहू देतो आणि धारित्र त्यातील चढउतार काही अंशी भरून काढते. त्याच्या पट्टीवरील दाब हा पूर्ण भार असतानाचा असतो. त्यामुळे ‘९ व्होल्ट’ असे लिहिलेल्या अनियंत्रित ॲडाप्टराचा दाब भार नसताना १२ ते १४ व्होल्टपर्यंत आढळणे हे दोषाचे लक्षण नव्हे. तथापि अत्यल्प प्रवाह घेणारे नाजूक उपकरण त्यास जोडल्यास त्यावर हा वाढीव दाब पडतो.

नियंत्रित ॲडाप्टरात दाबनियंत्रक मंडल असल्याने भार कमीजास्त झाला तरी दाब जवळजवळ स्थिर राहतो. सांप्रत बहुतेक ॲडाप्टर स्विच पद्धतीचे असतात. त्यांत पुरवठ्याचे प्रथम एकदिशीकरण करून तो प्रवाह अतिशय जलद गतीने चालू-बंद केला जातो व अशा उच्च कंप्रतेवर (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येवर) लहान रोहित्र पुरेसे होते. त्यामुळे ते वजनाने हलके असतात आणि पुष्कळदा १०० ते २४० व्होल्टपर्यंतच्या कोणत्याही पुरवठ्यावर चालतात.

तिसऱ्या प्रकारात केवळ रोहित्र असते व त्यातून कमी दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाहच बाहेर पडतो. काही मिश्रकांना व ध्वनिसंस्कारकांना असा, उदा., ९ व्होल्ट प्रत्यावर्ती पुरवठा लागतो. त्यांतील विवर्धक मंडलांना धन व ऋण असे दोन्ही दाब हवे असतात आणि प्रत्यावर्ती प्रवाहाच्या दोन अर्धावर्तनांपासून ते सहज मिळविता येतात. अशा उपकरणास एकदिश ॲडाप्टर जोडल्यास दोहोंपैकी एकच दाब निर्माण होतो व ते नीट चालत नाही. उलट, संरक्षण नसलेल्या एकदिश उपकरणास प्रत्यावर्ती प्रवाह दिल्यास त्यातील विद्युत् विच्छेद्य धारित्रांवर प्रत्येक आवर्तनात उलटा दाब पडून ती तापतात व फुटूही शकतात. पट्टीवर नागमोडी रेघ प्रत्यावर्ती प्रवाह दर्शविते, तर सरळ रेघ व तिच्याखाली तुटक रेघ हे चिन्ह एकदिश प्रवाह दर्शविते.

निवडीचे निकष : योग्य ॲडाप्टर निवडताना प्रवाहाचा प्रकार, दाब, प्रवाहक्षमता, ध्रुवता व प्लगाचे माप या पाच गोष्टी वाद्यावरील किंवा त्याच्या माहितीपत्रकातील निर्देशांशी पडताळून पाहाव्या लागतात.

दाब हा वाद्यास ‘दिला’ जातो, तर प्रवाह वाद्य आपल्या गरजेप्रमाणे ‘घेते’. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने पुष्कळ गैरसमज होतात. ९ व्होल्ट दाबाच्या व ५०० मिलिअँपिअर प्रवाह लागणाऱ्या वाद्यास ९ व्होल्ट, १ अँपिअरचा नियंत्रित ॲडाप्टर निर्धोकपणे चालतो. कारण वाद्य त्यातून अर्धाच अँपिअर घेते. मात्र ३०० मिलिअँपिअरचा ॲडाप्टर जोडल्यास दाब खाली येतो व रोहित्र तापते. स्विच पद्धतीचा ॲडाप्टर अशा वेळी वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होतो. अंकीय वाद्य स्मृतीत माहिती साठवीत असताना असा खंड पडल्यास साठविलेले सूर व ताल नष्ट होण्याची शक्यता असते. थोडक्यात, प्रवाहक्षमता गरजेइतकी किंवा तीहून अधिक असावी. दाब मात्र सांगितला असेल तोच असावा.

दाबाचा स्वराशीही प्रत्यक्ष संबंध येतो. अनेक सदृश सिंथेसायझरांत एका सप्तकाच्या अंतरासाठी १ व्होल्ट असे नियंत्रणाचे प्रमाण असते. सप्तकाचे बारा समान भाग धरल्यास एका अर्धस्वरास सु. ८३ मिलिव्होल्ट येतात. ज्या मंडलांत संदर्भदाब सरळ पुरवठ्यापासून घेतलेला असतो, तेथे पुरवठ्यातील काही मिलिव्होल्टांचा फरकही कानाला बेसूर वाटू शकतो.

ध्रुवता : एकदिश ॲडाप्टराच्या नळीसारख्या प्लगाचा आतील भाग व बाहेरील कवच यांपैकी एक धन व दुसरा ऋण असतो. पट्टीवर मध्ये ठिपका व त्याभोवती अर्धवर्तुळ असे चिन्ह असते; ठिपक्याशी जोडलेले चिन्ह आतल्या भागाची ध्रुवता सांगते. याबाबत सर्वमान्य संकेत नाही. गिटारच्या बहुतेक पेडलांत मध्यभाग ऋण असतो. बॉस या जपानी व्यापारनामाच्या १९७७ पासून निघालेल्या छोट्या पेडलांमुळे हा प्रघात दृढ झाला. त्यामागे व्यावहारिक कारण आहे. या पेडलांत ९ व्होल्टचा विद्युत् घटही बसविता येतो. खोबणीतील स्विच प्लगाच्या बाहेरील कवचाशी निगडित असल्याने कवच धन ठेवले की, प्लग घालताच घटाचे धन अग्र आपोआप मंडलापासून तुटते.

की-बोर्डांत मात्र भिन्नता आढळते. कॅसिओच्या जुन्या अनेक नमुन्यांना मध्यभाग ऋण असलेला ९ व्होल्टचा ॲडाप्टर लागे, तर नंतरच्या अनेक नमुन्यांना मध्यभाग धन असलेला ९·५ व्होल्टचा लागतो. यामाहाच्या पुष्कळशा सुवाह्य की-बोर्डांस मध्यभाग धन असलेला १२ व्होल्टचा ॲडाप्टर लागतो. एकाच उत्पादकाच्या दोन वाद्यांचे ॲडाप्टरही म्हणून परस्परांस चालतीलच असे नाही. ध्रुवता उलटी झाल्यास धारित्रे व एकात्मित मंडले बिघडतात. यावर उपाय म्हणून काही उपकरणांत प्रवाहाच्या मार्गात डायोड घालतात, त्यात सु. ०·७ व्होल्ट दाब खर्ची पडतो, पण उलटा प्रवाह अडविला जातो. काहींत डायोड समांतर जोडलेला असतो. तो उलट्या दाबाचा मंडलसंक्षेप करून वितळतार उडवितो किंवा स्वतः जळून उर्वरित मंडल वाचवितो. पुष्कळ स्वस्त उपकरणांत यांपैकी काहीच नसते.

प्लग : सर्वत्र आढळणाऱ्या प्लगाचा बाह्य व्यास ५·५ मिमी. व छिद्राचा व्यास २·१ किंवा २·५ मिमी. असतो. २·१ मिमी. छिद्राचा प्लग २·५ मिमी. च्या खुंटीवर बसतच नाही. २·५ मिमी. चा प्लग २·१ मिमी. च्या खुंटीवर बसतो, पण सैल राहतो आणि कार्यक्रमात तारेस धक्का लागताच पुरवठा खंडित होतो. प्लग घट्ट बसला म्हणजे ॲडाप्टर योग्य ठरला, असे मात्र नव्हे.

गुणगुणाट व गोंगाट : भारतातील पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने पूर्ण तरंगाच्या एकदिशीकरणानंतर उरणाऱ्या ऊर्मिकांची कंप्रता १०० हर्ट्‌झ असते. धारित्र अपुरे किंवा जुने झाले असल्यास त्या ध्वनीत मिसळतात. हा नाद पाश्चात्त्य सप्तकातील जी व जी-शार्प या स्वरांच्या मधे पडतो आणि तंबोऱ्याच्या षड्जाशी सहसा जुळत नाही. म्हणून तो क्षीण असला तरी गायकास जाचतो. स्विच पद्धतीच्या ॲडाप्टरात हा दोष कमी असतो. परंतु त्यातील जलद स्विचनाचे अवशेष बारीक शिटीसारखा आवाज उत्पन्न करू शकतात. दोन उपकरणे ध्वनितारेने व पुरवठ्याच्या तारेने अशी दोन मार्गांनी जोडली गेल्यास होणाऱ्या भूवलयामुळेही गुणगुणाट येतो. त्यावर उपाय म्हणून मुख्य पुरवठ्याची भूयोजनाची तार काढून टाकणे प्राणघातक ठरू शकते. त्याऐवजी सर्व उपकरणे एकाच भूयोजित फलकावरून चालवावीत किंवा ध्वनिमार्गात विलगक रोहित्र घालावे.

अनेक उपकरणांना एक ॲडाप्टर : एकाच ॲडाप्टराला शाखा काढून अनेक पेडले जोडता येतात, मात्र सर्वांच्या प्रवाहांची बेरीज ॲडाप्टराच्या क्षमतेपेक्षा कमी असावी व सर्वांचा दाब आणि ध्रुवता समान असावी. यातही एक अपवाद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. लंडनमध्ये १९६६ साली निघालेल्या फझ फेससारख्या जर्मेनियम ट्रँझिस्टरांच्या जुन्या पेडलांत धन अग्र भूमीशी जोडलेले असे. इतर पेडलांत ऋण अग्र भूमीशी असते. ध्वनितारांच्या आवरणांमुळे सर्व भूमी एकमेकींस जोडल्या जात असल्याने असे पेडल सामाईक ॲडाप्टरावर घेताच धन व ऋण यांचा मंडलसंक्षेप होतो. त्यासाठी स्वतंत्र घट किंवा परस्परांपासून विलग शाखा असलेला पुरवठा वापरावा लागतो. अंकीय पेडलांचा गोंगाट इतरांत शिरू नये म्हणूनही असा पुरवठा उपयुक्त असतो.

जर्मनीतील डप्फर यांच्या ए-१०० संचापासून (१९९५) रूढ झालेल्या सुट्या घटकांच्या सिंथेसायझरांत +१२ व −१२ व्होल्टचा सामाईक पुरवठा पट्टीतारेने दिला जातो. पट्टीवरील रंगीत कड −१२ व्होल्टची बाजू दर्शविते. पट्टी उलटी बसविल्यास घटक नष्ट होऊ शकतो.

परदेशी वाद्ये : जपानमध्ये पुरवठा १०० व्होल्टचा, तर अमेरिकेत १२० व्होल्टचा आहे. तेथून आणलेल्या वाद्याचा रोहित्र-ॲडाप्टर भारतातील २३० व्होल्टवर सरळ लावल्यास तो जळतो व वाद्यासही इजा पोहोचू शकते. केवळ प्लगाचा आकार बदलणाऱ्या जोडणीने दाब बदलत नाही. अशा वेळी ॲडाप्टरावरील आदान दाबाचा निर्देश प्रथम वाचावा व ‘१००–२४० व्होल्ट’ असे लिहिलेले नसल्यास योग्य दाबाचा स्थानिक ॲडाप्टर घ्यावा.

चाचणी व निगा : पट्टी पुसली गेलेला ॲडाप्टर मल्टिमीटरने तपासता येतो. एकदिश दाबाच्या २० व्होल्ट टप्प्यावर तांबडे टोक छिद्रात व काळे टोक कवचास लावावे. वाचन धन असल्यास मध्यभाग धन, ऋण चिन्ह दिसल्यास मध्यभाग ऋण समजावा. वाचन शून्याजवळ असल्यास प्रत्यावर्ती दाबाच्या टप्प्यावर पुन्हा मोजावे. दोन्ही टोके एकमेकांस टेकू देऊ नयेत. प्रत्येक ॲडाप्टरावर त्याच्या वाद्याचे नाव चिकटविणे हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होय. तार प्लगाजवळ दुमडू नये, ॲडाप्टर कापडाखाली झाकू नये व वापर नसताना पुरवठ्यापासून काढून ठेवावा. भारतात २०१२ च्या आदेशान्वये सुरू झालेल्या अनिवार्य नोंदणी योजनेत ॲडाप्टरांचाही समावेश असून, खरेदी करताना त्यावरील भारतीय मानक चिन्ह पाहणे हितावह असते. कारण आतील निरोधन (विद्युत् प्रवाहास दिलेला अटकाव) सदोष असल्यास उच्च दाब थेट वाद्यापर्यंत, आणि वाद्यातून वादकापर्यंत, पोहोचू शकतो.

पहा : एकदिशकारक, धारित्र, ध्वनिवर्धक, रोहित्र, विद्युत् घट, सिंथेसायझर.