नगरसेवक आणि नागरिकांचा अविश्वास

मुंबईच्या करदात्यांनी १८७१ साली जी चळवळ उभारली, तिचा रोख शहराच्या आयुक्तावर होता. १८६५ च्या कायद्याने नगरीचा कारभार एकट्या आयुक्ताच्या स्वाधीन केलेला होता, आणि आर्थर क्रॉफर्ड हे त्या पदावर आलेले पहिले गृहस्थ. रस्ते, गटारे, मंडई यांवर त्यांनी सढळ हाताने खर्च केला. त्या खर्चावर देखरेख ठेवण्याचे काम ‘जस्टिस ऑफ द पीस’ या मानकऱ्यांच्या सभेचे होते; परंतु तिने ते पुरेशा दक्षतेने केले नाही. आयुक्तावरचा करदात्यांचा विश्वास उडाला, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी आपण निवडून दिलेले सभासद मागितले. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांपैकी ३२ निवडण्याचा अधिकार करदात्यांना मिळाला.

याच्या नेमके उलट चित्र नवी मुंबईत २०१६ च्या ऑक्टोबरात दिसले. तेथील महासभेने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध मोठ्या बहुमताने अविश्वास ठराव संमत केला. या वेळी नागरिकांतील एक बोलका वर्ग आयुक्ताच्या बाजूने उभा राहिला, आणि ज्यांना आपणच मते दिली त्या सदस्यांच्या हेतूंविषयी त्याने शंका घेतली. राज्य शासनाने ठराव लगेच अमलात आणला नाही. आयुक्तांची बदली पुढे मार्च २०१७ मध्ये झाली. नेमलेल्या अधिकाऱ्यावरचा अविश्वास दूर करण्यासाठी निर्माण झालेली संस्था, दीडशे वर्षांच्या आतच, त्या अधिकाऱ्यापेक्षा कमी विश्वासार्ह ठरावी, हे कसे घडले? सदस्यांची नीतिमत्ता घसरली, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते सर्वस्वी खोटे आहे असे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्यामुळे मूळ प्रश्न झाकला जातो.

प्रथम अधिकारांची वाटणी पाहिली पाहिजे. मुंबईला लागू असलेला १८८८ चा कायदा काय किंवा पुण्यासारख्या शहरांना लागू असलेला १९४९ चा कायदा काय, दोहोंनीही अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताकडेच ठेवले. फिरोजशहा मेहता यांनी १८७१ सालीच असे प्रतिपादन केले होते की, कार्यकारी सत्ता एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावी आणि तिच्यावर लोकनियुक्त सभेने पहारा ठेवावा. म्हणजे सभासदाचे काम पहारेकऱ्याचे. अंदाजपत्रक संमत करणे, कराचे दर ठरविणे, स्थायी समितीत मोठ्या ठेक्यांना मंजुरी देणे अथवा नाकारणे, प्रशासनाला प्रश्न विचारणे, ही त्याची खरी आयुधे. तुंबलेले गटार उपसण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्याला कायद्याने नाही. तो हुकूम अधिकारी देतो.

आता या सभासदाला मराठीने कोणते नाव दिले ते पाहावे. पूर्वी ‘नगरपिता’ हा शब्द चाले. आज ‘नगरसेवक’ हा शब्द सर्वत्र रूढ आहे. एक शब्द वडीलकीचा, दुसरा सेवेचा. पहाऱ्याचा अर्थ दोहोंतही नाही. ‘सेवक’ म्हटले की सेवा करून घेणारा धनी आला, आणि धनी सेवकाला जे काम सांगेल ते त्याने केले पाहिजे ही अपेक्षाही ओघानेच आली. नावाने जे वचन दिले ते पाळण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. ही विसंगती निव्वळ शाब्दिक मानून सोडून देता येणार नाही, कारण तिचे पडसाद रोजच्या बोलण्यातील क्रियापदांपर्यंत पोचलेले आहेत.

‘नळाचे काम झाले’ आणि ‘नगरसेवकाने नळाचे काम करून दिले’ या दोन वाक्यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मराठीत ‘देणे’ हे सहायक क्रियापद म्हणून आले की क्रियेचे फळ कर्त्याखेरीज दुसऱ्या कोणाला तरी मिळाल्याचे सूचित होते. येथे त्याला उपकाराची छटाही येते. कर भरणाऱ्याला पाणी मिळणे हा हक्क आहे. पण ‘करून दिले’ या शब्दप्रयोगाने तो उपकार बनतो. उपकार म्हटला की तो कोणावर झाला आणि कोणावर झाला नाही, हा प्रश्न आलाच. शेजारच्या गल्लीतील फरशी बदलली आणि आपल्या गल्लीतील तशीच राहिली की ‘आमच्यासाठी काही केले नाही’ हा निवाडा तयार होतो. अधिकाऱ्याकडे जाऊन काम ‘करवून घेणे’ एवढेच ज्याच्या हाती आहे, त्याला ‘करून देणारा’ म्हणून तोलले जाते आणि हलका ठरविले जाते.

सदस्यांनी हा गैरसमज दूर करण्याऐवजी जोपासला, हे मात्र नमूद केलेच पाहिजे. पुण्यात बाकांवर, चौकांतील शिल्पांवर, उद्यानांच्या कमानींवर नगरसेवकाच्या नावाआधी ‘संकल्पना’ हा शब्द रंगविलेला आढळतो. पैसा पालिकेचा, बांधणी ठेकेदाराची, देखरेख अभियंत्याची. उरली ती कल्पना, आणि तिच्यावर नाव घालण्याची हौस. शेजारच्या फलकावर ‘यांच्या विकास निधीतून’ असे षष्ठीचे रूप असते. करदात्याच्या पैशावर ही षष्ठी कोणत्या न्यायाने लागते, हे व्याकरणाला विचारून उपयोग नाही.

याउलट पहाऱ्याचे काम फलकावर रंगविता येत नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्यास विरोध केला. ते सरकारनियुक्त सभासद होते, तरीही त्यांनी विरुद्ध मत दिले. त्या विरोधातून कोणाचा नळ दुरुस्त झाला नाही आणि कोणाच्या दारात फरशी बसली नाही. आजच्या ‘करून देण्या’च्या मापाने मोजले तर तो दिवस फुकट गेला असेच म्हणावे लागेल. (क्रॉफर्ड यांच्या नावाची मंडई आज फुले यांच्या नावाने ओळखली जाते, हा योगायोग मात्र सुखद आहे.)

अविश्वासाला दुसरे कारण प्रभागांच्या रचनेत सापडते. पुण्यात २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ साली एकाचा, २०१२ साली दोघांचा, आणि २०१७ साली बहुतेक प्रभाग चौघांचे झाले. शिवाय आरक्षणाची सोडत दर निवडणुकीला नव्याने निघते. सामाजिक न्यायासाठी आरक्षण आवश्यकच आहे. पण सोडत व बदलत्या सीमा यांच्या एकत्रित परिणामाने कोणत्या प्रभागात कोणी पाच वर्षांचा हिशेब द्यावयाचा, हे अनिश्चित राहते. येथेही भाषा घोटाळ्यात भर घालते. ‘आमचे नगरसेवक आले होते’ या वाक्यातील अनेकवचन आदरार्थी, की खरोखरच चौघे आले होते? ऐकणाऱ्याला ते कळत नाही. चौघांपैकी प्रत्येकाला काम ‘दुसऱ्याकडचे’ म्हणता येते, आणि नागरिकाला दोष देण्यासाठी एकवचनी कर्ता उरत नाही.

एवढा अविश्वास असूनही लोकांनी मतपेटीकडे पाठ फिरविली, असे दिसत नाही. मुंबई महापालिकेच्या २०१२ च्या निवडणुकीत सुमारे ४५ टक्के मतदान झाले होते, ते २०१७ मध्ये सुमारे ५५ टक्क्यांवर गेले. ‘सगळे सारखेच’ असे वर्गाविषयी म्हणणारा माणूस ‘आमच्या दादांचा भरवसा आहे’ असे व्यक्तीविषयी म्हणतो, आणि त्या भरवशावर मत देतो. ‘विश्वास’ संस्थेवर असतो, ‘भरवसा’ माणसाचा असतो. पहिला ओसरला तरी दुसरा तग धरून राहतो, आणि पहिल्याच्या ऱ्हासाला हातभारही लावतो.

मार्च २०२२ मध्ये मुंबई व पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत संपली. संविधानाच्या २४३-यू या अनुच्छेदाप्रमाणे मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हावयास हवी होती. ती प्रत्यक्षात जानेवारी २०२६ मध्ये झाली, आणि तीही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतर. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडणारे तेच, आणि स्थायी समिती व महासभा यांच्या अधिकारांत ते संमत करणारेही तेच. १८६५ च्या आयुक्तावर निदान मानकऱ्यांची सभा तरी होती. या काळात नगरसेवक नसल्याची तक्रार ऐकू आली ती मुख्यतः दाखल्यावर सही कोणाची घ्यावयाची, गटार तुंबले तर कोणाला सांगावयाचे, अशा स्वरूपाची. अंदाजपत्रक कोणी तपासले, हा प्रश्न विचारणारे थोडे होते.