डिझाइनच्या मुलाखतीतील पोर्टफोलिओ : खर्च आणि आशय

डिझाइनच्या नोकरीसाठी उमेदवार आपल्या कामांचा जो संग्रह निवड समितीपुढे ठेवतो, त्यास व्यवहारात पोर्टफोलिओ म्हणतात. खानदेशातील पदवीधरास तो घेऊन बहुधा मुंबई-पुण्याकडेच जावे लागते. जळगावहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर दूर आहे. प्रवास व मुक्काम यांचा भार असताच. त्यात छायाचित्रकाराचे मानधन, रंगीत छपाई आणि भारी बांधणी यांची भर पडली की सामान्य कुटुंबातील उमेदवार अर्ज करण्यासच कचरतो. या खर्चापैकी आवश्यक किती आणि केवळ रूढीने आलेला किती, हे म्हणूनच तपासले पाहिजे.

समितीला अंतिम कृतीची सुबकता दिसतेच. ती कृती तशीच का झाली, हे मात्र उमेदवारानेच सांगावयाचे असते; आणि खरी परीक्षा तेथे होते. सबब वीस कामांपेक्षा सहा-सात निवडक कामे बरी. त्यांपैकी निदान एकाची संपूर्ण वाटचाल दाखवावी : मूळ गरज, कच्ची रेखाटने, टाकून दिलेला पर्याय, तो टाकण्याचे कारण आणि अखेरचे रूप. उदाहरणार्थ, केळीच्या खोक्यावरील लेबल घेतल्यास ते दुरून वाचता यावे, ओलाव्यात टिकावे, एकाच रंगात छापता यावे, ही बंधने प्रथम नोंदवावीत. ज्या बंधनातून रूप घडले ते बंधन कळल्याविना रूपाचे मूल्यमापन होत नाही.

हा आशय स्वस्त साधनांनी मांडता येतो. रेखाटने मूळ कागदावरच न्यावीत, किंवा त्यांची साधी झेरॉक्स प्रत पुरते. जेथे रंग हाच विवेचनाचा विषय आहे, तेवढीच पाने रंगीत छापावीत. २१० × २९७ मिलिमीटरचा ए-४ कागद हातात धरून पाहण्यास पुरेसा होतो. पारदर्शक कप्प्यांची फाइल पक्क्या बांधणीहून सोयीची, कारण प्रत्येक पदानुसार पानांचा क्रम बदलता येतो. पीडीएफ प्रत फोनमध्येच साठवावी; तेथील इंटरनेटवर विसंबू नये.

वस्तूंच्या छायाचित्रांसंबंधी चाळीसगावचे कलावंत केकी मूस (१९१२–१९८९) यांचे उदाहरण उद्बोधक आहे. मेजावर लहान वस्तूंची मांडणी करून विस्तीर्ण दृश्याचा आभास निर्माण करणाऱ्या ‘टेबलटॉप’ छायाचित्रणासाठी ते ख्यातनाम होते. त्यांना नोकरीची मुलाखत साधावयाची नव्हती. परंतु मांडणी आणि प्रकाश यांवर ताबा असेल तर एक मेजही पुरते, हे त्यांच्या कामावरून स्पष्ट होते. विद्यार्थ्याने खिडकीजवळ मेज ठेवावे, पांढरा कार्डशीट मागे वळवून उभा करावा, सावलीच्या बाजूस दुसरा पांढरा कागद धरावा आणि खोलीतील दिवे मालवावेत. दोन प्रकारच्या प्रकाशांनी रंग बिघडतात. फोन स्टुलावर स्थिर ठेवून टायमर लावल्यास चित्र हलत नाही.

एक दक्षता मात्र विनाखर्चाची असूनही अनेकदा राहून जाते. सामूहिक कामात स्वतःचा वाटा किती, आणि कोणते काम प्रत्यक्ष ग्राहकासाठी नसून सरावासाठी केले, हे पानावरच लिहावे. पुढील प्रश्नांत ते उघड होतेच. आधी सांगितल्यास तो प्रामाणिकपणा ठरतो, नंतर उघडकीस आल्यास संशय उरतो. बांधणीवर केलेला कोणताही खर्च तो संशय दूर करू शकत नाही.