कोठुऱ्याचा मल्ल, बिठूरचा गुरू

कुस्तीच्या सरावाला जोडीदार लागतो. तो थकतो, दुखावतो, कधी येतच नाही. दोनशे वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका पैलवानाने कधीच न थकणारा जोडीदार हाताशी धरला: जमिनीत पुरलेला लाकडी खांब!

निफाड तालुक्यात गोदाकाठी कोठुरे गाव आहे. तिथले बाळंभटदादा देवधर हे मल्लखांबाचे आद्यगुरू मानले जातात. खांब त्यांच्या आधीही होता. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभ येतो. मागे पडलेल्या त्या विद्येला दादांनी पुन्हा उभं केलं, पद्धत दिली.

आख्यायिका सांगते, अली आणि गुलाब हे दोन नामांकित पैलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आले आणि त्यांनी पुण्याला आव्हान दिलं. कुणी पुढे होईना. तरुण बाळंभटांनी विडा उचलला, पण मुदत मागून घेतली आणि थेट सप्तशृंग गड गाठला. तिथे मारुतीने दृष्टांत देऊन खांबावरच्या पकडी शिकवल्या. परतल्यावर त्यांनी अलीला चीत केलं आणि गुलाबने लढतच टाळली, असं म्हणतात. मला त्या मुदतीचंच अप्रूप वाटतं. अंगात रग असलेला पोरगा दरबारासमोर ‘आधी शिकून येतो’ म्हणतो, तिथेच त्याच्यातला गुरू दिसतो.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन देऊन इंग्रजांनी बाजीरावांना कानपूरजवळ गंगाकाठच्या बिठूरला पाठवलं. त्यांच्याबरोबर दादाही गेले. मुलूख परका, बोली परकी, राज्य गेलेलं. पण खांब कुठल्याही मातीत पुरता येतो. दादांनी तिथे आखाडा मांडला आणि पोरं घडवायला घेतली. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, याच तालमीत तयार झाली अशी परंपरा आहे.

हा मुका जोडीदार शिकवतो तरी कसा? खांब सागवानी किंवा शिसवी, जमिनीवर साधारण अडीच मीटर. खाली जाड, वर निमुळता. टोकाला मान आणि तिच्यावर बोंड. पहिला धडा अढीचा. दोन्ही हातांनी खांब धरायचा, उसळी मारून पाय वर न्यायचे, मांड्यांनी खांब आवळायचा आणि हात सोडून द्यायचे. डोकं खाली, पाय वर, आधार फक्त मांड्यांचा! वर लाकडाला एरंडेल चोळलेलं. त्यामुळे कातडी सोलवटत नाही, पण पकड जरा सैलावली की माणूस घसरतो. घर्षण कमी, म्हणून आवळायचं जास्त. कुस्तीत घामाने निसटतं अंग धरून ठेवायला हाच जोर लागतो. शिवाय उलटं लटकून दिशेचं भान राखायची सवय होते. डावात फेकला गेलेला मल्ल गोंधळत नाही. थोड्याच वेळात इतक्या स्नायूंना एकदम कामाला लावणारं साधन मला तरी दुसरं ठाऊक नाही.

दादांच्या शिष्यपरंपरेने ही विद्या काशीपर्यंत नेली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिकडे भारतीय व्यायामप्रकार दाखवले. फेब्रुवारी 2019 मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. परदेशातून आलेली मुलंमुली त्याच अढीने खांबावर चढली.

खांबाबरोबर वेताचा मल्लखांबही होता. चांगला वेत मिळेनासा झाला तसा त्याच्या जागी सुती दोर आला, आणि मुलींनी तो आपलासा केला. खांबावरची सगळी गणितं इथे बदलतात, कारण दोर स्वतःच हलतो. त्यावर चढणारी मुलगी सुरुवातीलाच पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर पकडायला शिकते.