शेतातील प्लास्टिक आणि यकृतातील मेद

पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिककणांस सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या व केळीच्या घडांवरील पिशव्या उन्हाने जीर्ण होऊन त्यांचा भुगा मातीत व पाण्यात मिसळतो. अर्धापूरच्या केळीबागाईतदारांनी व लातूरच्या भाजीपाला उत्पादकांनी याची दखल घ्यावी.

उंदरांवरील प्रयोगांत असे कण यकृतात साठून मेदाचे चयापचय बिघडल्याचे आढळले. २०२२ साली हॅम्बुर्गच्या संशोधकांना सिरोसिसच्या रुग्णांच्या यकृतातही ते दिसले. मानवात कार्यकारणसंबंध अद्याप सिद्ध झालेला नाही; स्थूलता व मधुमेह हीच यकृतात मेद साचण्याची प्रमुख कारणे होत. तथापि सावधगिरीस खर्च पडत नाही.

पीक निघताच प्लास्टिक वेचून घ्यावे. ते नांगरटीत गाडू नये, बांधावर जाळूही नये. शेतावर गरम भाजी पिशवीत न नेता स्टीलच्या डब्यात न्यावी. ग्राम कार्यकर्त्यांनी हे घरोघरी समजावून द्यावे.