घोळणा फुटण्याची भीती

नाकातून रक्ताचे चार थेंब पडले की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. त्यातही हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी जो रक्त पातळ करणारे औषध घेत असतो, त्याच्या मनात पहिला विचार येतो तो औषध सोडण्याचा. हा विचार स्वाभाविक खरा. परंतु तो बहुधा घोळण्याहून अधिक घातक ठरतो.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांस अलिंद म्हणतात. त्यांचा ताल बिघडला म्हणजे ते नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. मग डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या कोपऱ्यातील रक्त साचलेल्या पाण्याप्रमाणे संथ होते व त्यात गुठळी धरू लागते. ही गुठळी सुटून मेंदूच्या रोहिणीत अडकली की अर्धांगवायूचा झटका येतो. या विकारात तसा धोका इतरांच्या सुमारे ५ पट असतो, आणि वॉरफॅरिन हे औषध नीट घेतल्यास त्यातील जवळजवळ दोनतृतीयांश धोका टळतो. गुठळी कोणास दिसत नाही, रुमालावरचे रक्त मात्र दिसते. सारा घोटाळा येथेच होतो.

‘रक्त पातळ करणारे’ हे नावही तसे फसवेच. रक्ताचा दाटपणा या औषधाने बदलत नाही. रक्त साकळण्यास लागणारा वेळ तेवढा वाढतो. वॉरफॅरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना दिले जाऊ लागले. विष आणि औषध यांतील अंतर येथे मात्रेचे आहे. म्हणूनच वॉरफॅरिन किंवा भारतात पुष्कळ वापरले जाणारे असेनोकुमारॉल घेणाऱ्याची ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी वरचेवर करतात व तो आकडा या विकारात बहुधा २ ते ३ यांच्या दरम्यान राखतात. तो फार वाढला असेल, तर वारंवार फुटणारा घोळणा ही त्याची सूचना असू शकते.

नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. बहुतेक घोळणे तेथूनच फुटतात. दिल्लीकडील कोरडी थंडी, राजस्थानातील उन्हाळा, जोराने नाक शिंकरणे आणि, सांगण्यास संकोच वाटला तरी, नाकात बोट घालण्याची सवय यांमुळे तेथील नाजूक त्वचा भेगाळते.

अशा वेळी घरोघरी जे करतात ते नेमके उलट असते. रोग्यास उताणे निजवतात, डोक्यावर पाणी ओततात, नाकाशी कांदा धरतात. उताणे निजल्याने रक्त थांबत नाही. ते घशात उतरून उलटी होते आणि किती रक्त गेले हेही कळेनासे होते. रोग्याने ताठ बसून मान किंचित पुढे झुकवावी, तोंडाने श्वास घ्यावा आणि नाकाचा हाडाखालील मऊ भाग चिमटीत घट्ट धरून, घड्याळाकडे पाहत, सलग १० ते १५ मिनिटे दाबावा. थांबले की काय हे पाहण्यासाठी चिमूट मध्येच सोडण्याचा मोह अनावर होतो. पण तसे केल्याने धरू लागलेली खपली सुटते व मोजणी पुन्हा आरंभापासून करावी लागते. तोंडात आलेले रक्त गिळू नये, थुंकावे.

अर्ध्या तासानेही न थांबणारी धार, भोवळ, धाप किंवा रक्ताची उलटी यांसाठी तत्काळ रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागला असेल, तर घोळणा नसला तरी जावे.

औषधाची पुढील मात्रा घ्यावी की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. डॅबिगॅट्रान, अपिक्साबान यांसारख्या नव्या औषधांचा प्रभाव एकदोन दिवसांतच ओसरतो. घाबरून चार गोळ्या गाळल्या, तर संरक्षण तेवढे दिवस नाहीसेच होते. पुष्कळदा खरा अपराधी निराळाच निघतो: गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी. घोळणा पुनःपुन्हा फुटत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ ती रक्तवाहिनी डागून बंद करू शकतात.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगावे. ‘रक्त पातळ होण्याची लहानशी गोळी’ एवढ्या वर्णनावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही. कारण प्रत्येक औषधावरील उतारा वेगळा असतो.